रक्तात साखर उदंड, मग अंगात बळ का नाही?

प्रश्न असा आला आहे: "वय ५४. गोव्यात साखळी गावाजवळ राहतो. पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचो, आता मिनीबस चालवतो. दोन महिने पाय गळाल्यासारखे होतात, जिना चढताना धाप लागते, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, पॅन्ट ढिली झाली आहे. तपासणी केली तर उपाशीपोटी साखर २३८ आणि जेवणानंतर ३४१. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आहेत. मला एकच कळत नाही. साखरेतून शक्ती मिळते असं शाळेत शिकलो. मग रक्तात एवढी साखर असताना अंगात बळ का नाही? बायको म्हणते, ग्लुकोजची एक बाटली लावून घ्या. आणि उकड्या तांदळाची पेज लहानपणापासून रोज पितो, ती आता बंद करायची का?"

बाटली लावून घेऊ नका. हे आधी, बाकी सगळं नंतर.

मी फोंड्यात तीस वर्षं दवाखाना चालवतो. "दोतोर, आंगांत बळ ना, एक सलायन लायात" हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा एकही आठवडा गेलेला नाही. लोकांना वाटतं, त्या बाटलीत ताकद भरलेली असते. हिशोब करून बघा. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच चमचे. उष्मांक शंभरच्याही आत. दोन पाव चहात बुडवून खाल्ले तर त्याहून जास्त मिळतात, आणि सुईही टोचावी लागत नाही. जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला असेल तर सलाईनने खरंच डोळे उघडतात, पण ती करामत पाण्याची आणि मिठाची. तुमच्या रक्तात आधीच ३४१ आहे. त्यात आणखी ग्लुकोज ओतलं तर लघवी वाढेल, तहान वाढेल, पाय आणखी गळतील.

आता मूळ प्रश्न. साखर म्हणजे शक्ती, हे शाळेतलं वाक्य अर्धवट आहे. साखर म्हणजे सरपण. नारळाच्या सोडणांचा अंगणात कितीही मोठा ढीग असला, तरी ती चुलीत जाऊन पेटल्याशिवाय भात शिजत नाही. तुमची सोडणं अंगणात पडून आहेत आणि आत चूल मंदावली आहे. असं का झालं, हे कळायचं तर पेजेच्या पहिल्या घोटापासून सुरुवात करावी लागेल.

दवाखान्यात आलेल्या शाळकरी पोरांना मी एक प्रयोग सांगतो. उकड्या तांदळाच्या शिताचा एक घास घ्या, त्यावर हुमण नको, कढी नको. दोन मिनिटं नुसता चावत राहा, गिळू नका. पहिल्यांदा काहीच चव लागत नाही, मग हळूहळू गोडसर लागायला लागतं. घासात साखर कोणी घातली नव्हती. भातातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची माळ. लाळेत अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते ही माळ तोडून दोन-दोन, तीन-तीन मण्यांचे तुकडे करतं. त्या तुकड्यांना जिभेवर गोडी असते. पुढे जठरातल्या आम्लात हे विकर थंडावतं, पण लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस तेच काम नेटाने पुढे नेतो आणि शेवटचे जोडमणी आतड्याच्या अस्तरावरची विकरं सुटे करतात. पेज असो, पाव असो, पोई असो की नाचण्याचं तिझान, आतड्यात शेवटी हाती ग्लुकोजचे तेच मणी येतात. फरक पडतो तो मणी किती वेगाने सुटतात याने. चहातली साखर थोडी निराळी. तिचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो, आणि फ्रुक्टोजची बरीचशी विल्हेवाट यकृत लावतं.

पेजेत मीठ घालतात ते चवीसाठी, असं आपण समजतो. पण आतड्याची भिंत ग्लुकोजला आत घेते ती मिठातल्या सोडियमचा हात धरूनच, आणि दोघांच्या मागोमाग पाणी येतं. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्याचं मिश्रण पिंपात भरून लोकांना पाजलं आणि मृत्यू झपाट्याने खाली आणले. तापात आजी मिठाची पेज पाजायची, त्यामागे हीच यंत्रणा होती. तिला सोडियमचं नाव ठाऊक नव्हतं, गुण ठाऊक होता.

आतड्यातून ग्लुकोज थेट सगळ्या अंगभर जात नाही. आधी यकृतात जातं. यकृत आपल्या वाट्याचं काढून ठेवतं आणि उरलेलं रक्तात सोडतं. इथे एक आकडा लक्षात ठेवा, कारण तुमची सगळी गफलत त्यात आहे. निरोगी माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर शंभरच्या आसपास, म्हणजे दर शंभर मिलिलिटर रक्तात शंभर मिलिग्रॅम धरली, तर त्या पाच लिटरांत मिळून साखर असते पाच ग्रॅम. एक चमचा. अख्ख्या रक्तात एक चमचा! तुमच्या ३४१ चा हिशोब केला तर सतरा ग्रॅम होते, म्हणजे साडेतीन चमचे. त्या सगळ्या साखरेचे उष्मांक एका पावात मिळतील त्याहूनही कमी भरतील. तुम्ही म्हणता "रक्तात एवढी साखर", पण एवढी म्हणजे केवढी? रक्त हे कोठार नाहीच. तो रस्ता आहे. तुम्ही गाडी चालवता, तुम्हाला वेगळं सांगायला नको. रस्त्यावर गाड्यांची दाटी झाली म्हणून बाजारात माल पोचला असं होत नाही. उलट दाटी झाली याचाच अर्थ पुढे कुठेतरी अडलंय.

खरी कोठारं दोन. यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास आणि सगळ्या स्नायूंत मिळून चारशे ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात रचून ठेवलेलं असतं. स्नायू आपल्या कोठारातलं दुसऱ्याला देत नाहीत, जिथल्या तिथे वापरतात. यकृत मात्र रात्रभर थोडं थोडं रक्तात सोडत राहतं, कारण मेंदूला दिवसाकाठी १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि तो झोपेतही आपलं मागणं सोडत नाही. कोठारं भरून वाहायला लागली की उरलेल्याची चरबी होते.

रस्त्यावरून आत जायला दार लागतं. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींवर ग्लुकोजची जी दारं असतात ती एरवी पेशीच्या पोटात मिटून ठेवलेली असतात. जेवलो की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं, पेशीवर थाप मारतं आणि ती दारं पृष्ठभागावर येऊन उघडतात. मेंदूची आणि तांबड्या पेशींची दारं इन्सुलिनवाचूनही उघडी असतात, म्हणून साखर वाढली तरी माणूस बोलतो, चालतो, गाडीही चालवतो. पाय मात्र गळतात, कारण साखरेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू, आणि तुमच्या बाबतीत त्यांचीच दारं जाम झाली आहेत. इन्सुलिन थाप मारतं, आतून कोणी नीट ओ देत नाही. एक गोष्ट मात्र फार कामाची: स्नायू हलायला लागले की तीच दारं इन्सुलिनशिवायही वर येतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, असं आम्ही डॉक्टर पोपटासारखं सांगतो ते यामुळे. तुम्ही दिवसभर सीटवर बसून असता. वाहतुकीच्या धंद्यातल्या माणसांत मी हे फार पाहिलंय: हातांना काम भरपूर, पायांना काही नाही.

आत शिरलेल्या ग्लुकोजचं काय होतं? पहिला टप्पा पेशीच्या रसात होतो. सहा कार्बनचा ग्लुकोज दहा पायऱ्यांनी मोडून त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. त्या तुकड्याला पायरुव्हेट म्हणतात. या टप्प्याला प्राणवायू लागत नाही आणि मिळकतही जेमतेम, एटीपीचे दोन रेणू. एटीपी म्हणजे पेशीतलं रोख चलन. स्नायू आखडायचा, मज्जातंतूचा निरोप पाठवायचा, काहीही करायचं तर पेशीत एटीपीच चालतं. ग्लुकोज दाखवून कोणी काम करत नाही.

हा पहिला टप्पा पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, गोव्यात तर नाहीच. रेंदेर माडावरून सूर, म्हणजे माडी उतरवतो, जुने पोदेर, म्हणजे पाववाले, त्याच सुरेने पिठाला आंबवण लावत. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचा निरो, म्हणजे रस, भांड्यात फसफसतो आणि त्याचीच पुढे हुर्राक नि फेणी होते. त्या फेसात यीस्टच्या पेशी ग्लुकोजला ह्याच दहा पायऱ्यांनी उतरवत असतात. शेवटी यीस्ट पायरुव्हेटचं मद्य आणि कार्बन डायऑक्साइड करतं. पाव फुगतो तो त्या वायूने. एदुआर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट चिरडून तिचा नुसता रस काढला आणि त्यात जिवंत पेशी एकही नसताना साखर आंबते हे दाखवलं. जीवनाचं गूढ म्हणून ज्याच्यापुढे हात जोडत होते, ते रसायनशास्त्र निघालं. त्यांना १९०७ चं नोबेल मिळालं. माझ्या मते आधुनिक जीवरसायनशास्त्र त्या चिरडलेल्या यीस्टमध्ये जन्मलं.

आपले स्नायू मद्य करत नाहीत, लॅक्टेट करतात. जिना धावत चढलात, श्वासाने प्राणवायू पुरवेपर्यंत पायांना थांबवत नाही, तेव्हा पायरुव्हेटचं लॅक्टेट होतं आणि काम तात्पुरतं निभावतं. हे लॅक्टेट वाया जात नाही. रक्तातून यकृतात जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं. हे चक्र कोरी दांपत्याने उलगडलं. (दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते साचलेल्या लॅक्टेटमुळे, असं जिममधली पोरं सांगतात. लॅक्टेट तासाभरात निघून गेलेलं असतं. दुखतात ते स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा झालेली असते म्हणून.)

प्राणवायू असेल तर पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियात शिरतं. ही पेशीच्या आतली भट्टी. आणि या भट्टीच्या दाराशीच तुमच्या उकड्या तांदळाची गोष्ट येते, जी सांगायला मला नेहमी आवडते.

पायरुव्हेटला आत घेताना त्यातला एक कार्बन काढून टाकावा लागतो. हे काम करणाऱ्या विकराला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर दार अडतं. जेवण पोटभर, ग्लुकोज पेशीत हजर, प्राणवायू हजर, तरी भट्टी पेटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांनी पाहिलं की कोंडा काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या पाय लुळे पडून मरतात आणि कोंडा दिला की उठून चालायला लागतात. माणसांतला बेरीबेरी तोच. थायमिन तांदळाच्या कोंड्यात असतं, गिरणीत तांदूळ पॉलिश केला की ते कोंड्याबरोबर जातं. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे भात टरफलासकट भिजवून, उकडून, वाळवून मग कांडायची रीत आहे. उकडताना थायमिन कोंड्यातून दाण्यात मुरतं आणि नंतर कोंडा निघाला तरी बरंचसं दाण्यातच राहतं. म्हणून उकड्या तांदळावर जगणाऱ्या मुलखांत बेरीबेरीचा त्रास कमी दिसला. पेजेचं पाणी आपण ओतून टाकत नाही, पितो. त्याचाही फायदा, कारण थायमिन पाण्यात उतरतं.

थायमिनची कमतरता मला आजही दिसते, पण भातामुळे नाही. रोज फेणी पिऊन जेवणाकडे पाठ फिरवणाऱ्या माणसांत दिसते. असा माणूस गुंगीत आणला आणि कोणी घाईत ग्लुकोजची बाटली चढवली, तर शिल्लक होतं तेवढं थायमिनही ग्लुकोज जाळण्यात खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आम्ही आधी थायमिनचं इंजेक्शन देतो, किंवा निदान बाटलीबरोबरच. बायकोला हेही सांगा. ग्लुकोजची बाटली वाटते तेवढी गरीब गाय नसते.

आत गेलेल्या दोन कार्बनच्या तुकड्याचं पुढे क्रेब्ज चक्रात दहन होतं. हे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलं. एका नामांकित नियतकालिकाने त्यांचा लेख जागा नाही म्हणून परत पाठवला होता, पुढे १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात शिकताना मी ते चक्र चारदा पाठ केलं आणि पाचदा विसरलो, त्यामुळे त्यातली नावं तुमच्यावर लादत नाही. एवढं पुरे की तिथे कार्बन सुटा होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो आणि रक्तातून फुप्फुसात येऊन श्वासावाटे बाहेर पडतो. सकाळी प्यायलेल्या पेजेतला कार्बन तुम्ही संध्याकाळपर्यंत म्हापशापासून साखळीपर्यंत हवेत सोडत आलेले असता. वजन उतरतं ते घामातून नाही, बरंचसं नाकातून.

कार्बन गेला, पण खरा माल मागे राहतो: इलेक्ट्रॉन. वाहक रेणू ते उचलून मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर आणून देतात. तिथे इलेक्ट्रॉन एका पंपाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात आणि सुटणाऱ्या ऊर्जेवर ते पंप प्रोटॉन पडद्याबाहेर ढकलत राहतात. शेवटी थकलेला इलेक्ट्रॉन स्वीकारायला प्राणवायू उभा असतो, आणि त्याचं पाणी होतं. आपण श्वास घेतो तो मुख्यतः ह्या शेवटच्या टोकाशी उभं राहायला कोणीतरी हवं म्हणून.

पुढचं समजायला खाजन शेतातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली मानस (बांधातलं पाण्याचं दार) डोळ्यांसमोर आणा. बांधाच्या एका बाजूला भरतीचं पाणी चढलेलं, दुसऱ्या बाजूला पातळी खाली, आणि मधे तेवढं एकच दार. पाण्याचा सगळा जोर त्या दारावर. मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याबाहेर प्रोटॉनची अशीच भरती साठते आणि आत यायला त्यांना एकच वाट असते, एटीपी सिंथेज नावाचं यंत्र. प्रोटॉन त्यातून घुसताना ते खरोखर गरगर फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात एटीपी घडवतं. फरक एवढाच की खाजनात भरती चंद्र आणतो, इथे ती पेशी स्वतः उपसून तयार करते. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली, तेव्हा बहुतेकांनी ती उडवून लावली. १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळालं.

मिळकत बघा. पहिल्या टप्प्यात एका ग्लुकोजमागे दोन एटीपी मिळाले होते. भट्टीतून निघेपर्यंत एकूण तीस-बत्तीस होतात. आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात ३८ असायचे. नंतर मोजणी सुधारली. साखरेतल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून कमी एटीपीत उतरते, बाकीची उष्णता होते, तीच आपल्या अंगाची ऊब. आणि एटीपी साठवता येत नाही. अंगातला साठा काही सेकंदांत संपेल एवढाच असतो, म्हणून तेच रेणू पुन्हा पुन्हा भरून वापरले जातात. दिवसभरात माणूस जवळपास आपल्या वजनाइतकं एटीपी वापरतो आणि तेवढंच पुन्हा घडवतो. कारखाना तासभरसुद्धा बंद ठेवता येत नाही.

आता तुमच्याकडे येऊ. दारं जाम, म्हणून स्नायूंना सरपण कमी. त्यातून यकृताची वेगळीच तऱ्हा. इन्सुलिनचा निरोप त्यालाही नीट ऐकू येत नाही, त्यामुळे रक्तात साखर असताना ते समजतं की उपास चालू आहे, आणि आपली साखर वर ओततं. रात्रभर पोटात काही नसताना सकाळी २३८ येते ती यामुळेच. लोक विचारतात, "काल रात्री जेवलोच नाही, मग साखर कुठून आली?" यकृतातून आली. रक्तातली साखर १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला सगळी परत ओढून घेता येत नाही, ती लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून तीन-चारदा उठणं, म्हणून तहान. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवलं होतंच. खाल्लेलं असं वाहून जातं, तेव्हा शरीर चरबी आणि स्नायू मोडून चूल पेटवतं. पॅन्ट ढिली झाली ती अशी. पोटरीचं मांस गेलं, पाणी गेलं, क्षार गेले. एवढं झाल्यावर पाय गळणार नाहीत तर काय?

धाप लागते हे मात्र मला आवडलं नाही. गळून जाणं साखरेच्या खात्यावर टाकता येतं, धाप सगळीच्या सगळी टाकता येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, साखर असलेल्या माणसाचं हृदय छातीत न दुखताही तक्रार करू शकतं. या आठवड्यात ईसीजी काढा, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि थायरॉईड बघा, आणि डॉक्टरांना धापेबद्दल स्वतःहून सांगा. ओकाऱ्या, पोटात दुखणं, खोल-खोल श्वास, गुंगी यांतलं काही झालं तर सकाळची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा.

गोळ्यांनी साखर उतरायला लागली की दोन-तीन आठवड्यांत पायांत फरक कळेल. या काळात नजर थोडी धूसर होऊ शकते, कारण साखरेच्या चढ-उताराने डोळ्यातलं भिंग फुगतं-ओसरतं. घाईने चष्मा बदलू नका, पैसे जातील. पण दिसत नसेल तर तेवढे दिवस मिनीबसही चालवू नका.

पेज बंद करायची गरज नाही. प्रमाण बदलायचं. मोठा वाडगाभर पातळ पेज आणि बरोबर लोणच्याची फोड, हे जेवण तुमच्यासाठी आता चुकीचं, कारण मऊ शिजलेला भात आतड्यात भराभर सुटा होतो आणि त्याला अडवायला सोबत काहीच नसतं. लहान वाटी घट्ट पेज, तिच्याबरोबर बांगडा किंवा अळसाणे (गोव्याची चवळी) किंवा अंडं, आणि भाजी. प्रथिनं, चोथा आणि थोडं तेल सोबत असलं की जठर हळू रिकामं होतं. पोदेराकडून पोई घेत असाल तर तिच्यात कोंडा असतो, पावापेक्षा बरी, पण दोन खाल्ल्या तर दोनच्या होतात. आजकाल पोई म्हणून मैद्यावर कोंडा भुरभुरलेलंही मिळतं, फोडून बघा. माडाचा गूळ "नैसर्गिक" म्हणून चालतो असं कोणी सांगेल, तुमच्या रक्ताला त्यातला फरक कळत नाही. मानकुराद आंबा आला की एक फोड खा, सुख मानून खा, पण जेवणावर आमरसाची वाटी नको. तुम्ही एकटे नाही आहात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत प्रौढांतल्या मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. देशाचं होतं ११.४. माझ्या दवाखान्याच्या बाकावर रोज चारातला एक बसलेला असतो, त्यामुळे मला आकड्याचं नवल वाटलं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी फेणीचं सांगतो. काही वर्षांमागे एका घरून रात्री फोन आला, "दारू जास्त झाली, उठत नाही." बघितलं तर घामाने चिंब, साखर ३८. मनुष्य मधुमेहाची गोळी घेऊन, जेवण टाळून, दोन पेग फेणी प्यायला होता. यकृत मद्य निस्तरायला बसलं की नवी साखर बनवायचं काम बाजूला पडतं. त्यात गोळी इन्सुलिन वाढवत होती आणि पोटात काही नव्हतं. घरची माणसं त्याला झोपू देणार होती. सकाळपर्यंत ठेवलं असतं तर उठला नसता. तुमच्या गोळ्यांपैकी एखादी इन्सुलिन वाढवणारी आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही तसल्या गोळ्यांची नावं. असेल, तर जेवण चुकवायचं नाही आणि उपाशीपोटी पेला हातात घ्यायचा नाही.

आणि गाडीच्या खणात साखरेची डबी ठेवा. चालवताना हात थरथरले, घाम फुटला, डोकं जड झालं, तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटं थांबा, मशीन असेल तर बोटाची तपासणी करा, साखर अजून ७० च्या खाली असेल तर आणखी तीन चमचे. बरं वाटल्यावर काहीतरी खा, आणि लगेच स्टिअरिंगवर बसू नका. साखर वर आली तरी मेंदू पुरता ताळ्यावर यायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ प्रवासी कुरकुरतील, कुरकुरू देत.